त्याला घामसुद्धा आला नाही

त्या दिवशी सगळे हसत होते. मुकादमीण ही गोष्ट कुणाला सांगायला बसली की सुरुवात इथूनच करते. आधी ऊन सांगत नाही, शेत सांगत नाही. "आम्ही हसत होतो," एवढं म्हणते आणि गप्प बसते. ऐकणाऱ्याला वाटतं, आता काहीतरी गमतीचं येणार. तो बिचारा तोंड हसरं करून तयार बसतो.

मुकादमीण म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांची, हाडापेरानं मजबूत आणि आवाजानं त्याहून मजबूत बाई. वीस माणसांची टोळी तिच्या हाताखाली. काम शेतमजुरीचं, आणि उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने फक्त कलिंगडाची तोडणी. चौदाव्या वर्षी ती पहिल्यांदा वेलांत उतरली. आता कलिंगडाला टिचकी मारून ते आतून लाल आहे की अजून फिकट, हे ती चालता चालता सांगते. मागून येणारा देठ कापतो, त्याच्या मागचा उचलतो, आणि मग हातोहात फेकत माल ट्रॉलीपर्यंत जातो. पाच-सहा किलोचं एकेक फळ. फेकणाऱ्याचा हात आणि झेलणाऱ्याची नजर एकमेकांना धरून असावी लागते, नाहीतर फळ फुटतं किंवा माणसाच्या छातीत बसतं.

उन्हाबद्दल तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "उन्हाचे लाड केले की ऊन डोक्यावर बसतं." कुणी दुपारी झाड शोधायला लागला की ती हे सुनवायची. पाण्याचंही तसंच. "घटाघटा पाणी ढोसाल तर पोट डबडबेल, मग वाकायला नको!" बायकांना हे सांगावंही लागत नसे. कलिंगडाचा वेल घोट्याएवढा, त्याच्या आड कोण आणि कसं बसणार? मैलभर नजर टाकली तरी आडोसा नाही. म्हणून बायका सकाळी घोटभर पाणी पिऊन निघायच्या आणि संध्याकाळी घरी जाईपर्यंत कळ काढायच्या. मुकादमिणीला स्वतःला कित्येक वर्षं लघवीला जळजळ व्हायची. तिला वाटायचं, हातांना घट्टे पडतात तसंच हे, कामाबरोबर आलेलं.

टोळीत तिचा धाकटा भाऊ होता. आठ वर्षांनी धाकटा, तिनं कडेवर वागवलेला. त्याला सगळे नकल्या म्हणत. बापानं ठेवलेलं नाव रेशनच्या कागदावर आणि बायकोच्या मनात तेवढं उरलं होतं. हा पठ्ठ्या कुणाचीही नक्कल करायचा. शेतावरचा सुपरवायझर फोनवर मालकाशी बोलताना कसा कमरेत वाकतो आणि फोन ठेवला की कसा ताठ होतो, थंडीतला ट्रॅक्टर सुरू होताना कसा खोकतो, आणि आपली बहीण "हात चालवा, तोंड नको!" म्हणताना मान कशी उडवते. तिच्यासमोर करायचा आणि तिला हसू आवरायचं नाही. पण त्याची खरी हुकमी नक्कल होती ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरची. सुट्टीच्या दिवशी झिंगलेला ड्रायव्हर घरी कसा जातो ती. दोन पावलं पुढं, एक मागं, डोळे अर्धे मिटलेले, हवेतलं दार उघडायची खटपट, आणि शेवटी धाडकन आडवा. तो पडला की टोळी टाळ्या वाजवायची, आणि टाळ्या पुरेशा झाल्या की तो उठून वाकून मुजरा करायचा. सगळ्यात जोरात ड्रायव्हरच हसायचा.

त्या उन्हाळ्यात नकल्याला एका गोदामात आतलं काम मिळालं होतं. दहा दिवस तो शेतावर नव्हता. मग टोळीत दोन माणसं कमी पडली आणि मुकादमिणीनं त्याला निरोप धाडला, उद्या ये. तो आला. सर्दी झाली होती, नाक वाहत होतं, म्हणून घरातून निघताना सर्दीची गोळी खाल्ली होती. त्याच आठवड्यात उन्हानं एकदम उसळी मारली होती. ड्रायव्हरच्या मोबाइलवर चव्वेचाळीस दिसत होतं. "फोन तापलाय म्हणून जास्त दाखवतोय," असं कुणीतरी म्हणालं.

सहाला काम सुरू झालं. एरवी अकराला जेवायला थांबतात. पण ट्रक उशिरा आला होता आणि तो दोनच्या आत भरून निघायला हवा होता. सुपरवायझर बांधावर येऊन नुसता घुटमळत होता, त्यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं. मुकादमीणच म्हणाली, "साहेब, काळजी करू नका. भरून देतो."

ही गोष्ट ती नंतर स्वतःहून सांगायची. कुणी विचारलं नसताना.

वेलांच्या ओळींखाली चंदेरी प्लास्टिकचा कागद अंथरलेला होता, तण येऊ नये म्हणून. बारा वाजता त्या कागदाकडे बघवत नाही. वरून ऊन आणि खालून त्याचंच उलटं ऊन, असा माणूस दोन तव्यांच्या मध्ये. साडेबाराच्या सुमारास ओळीतली एक बाई मटकन खाली बसली. मुकादमीण तिच्यावर कडाडली, "ऊठ! बघ जरा त्याच्याकडे! दहा दिवसांनी आलाय, नाक गळतंय, तरी सगळ्यात पुढे आहे. घामसुद्धा आला नाही त्याला!"

सगळ्यांनी वळून नकल्याकडे पाहिलं. खरंच, सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटलेले, आणि त्याचा शर्ट कोरडा ठणठणीत. पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या. एरवी बहिणीनं चारचौघांत असं कौतुक केलं असतं तर त्यानं दहा उत्तरं दिली असती. त्या दिवशी तो काहीच बोलला नाही. त्याच्याकडे आलेलं कलिंगड त्याच्या हातांमधून सरळ खाली गेलं आणि फुटलं.

हशा पिकला. तो आपल्या हातांकडे बघत उभा राहिला.

मग तो म्हणाला, "ताई, खिडकी लाव ना. गार वारा येतोय."

चव्वेचाळीस अंशांत, उघड्या रानात, खिडकी! लोकांनी हसून हसून पोट धरून गुडघे टेकले. इतकं चांगलं त्यानं कित्येक दिवसांत काही केलं नव्हतं. आणि तेवढ्यात तो चालायला लागला. दोन पावलं पुढं, एक मागं. डोळे अर्धे मिटलेले.

"आला, आला, ड्रायव्हर आला!" ओळ ओरडली. ट्रॅक्टरवरून ड्रायव्हरनं खूश होऊन भोंगा वाजवला. नकल्याची बायको, मुकादमिणीची वहिनी, ट्रॉलीपाशी होती. तीही हसत हसत ओरडली, "अहो, बास आता, खरंच पडाल!"

तो पडला.

टोळीनं टाळ्या वाजवल्या. तो उठेपर्यंत वाजवायच्याच असतात. मुकादमिणीनंही वाजवल्या. हातातला चाकू काखेत धरून वाजवल्या, हे तिला स्वच्छ आठवतं. किती वेळ? ती म्हणते, एखादं मिनिट. वहिनी म्हणते, जास्त.

मग त्या प्लास्टिकच्या कागदाचा आवाज यायला लागला. नकल्याच्या टाचा त्यावर आपटत होत्या, भराभर, एका लयीत. टाळ्या एकेक करून थांबल्या आणि फक्त तो आवाज उरला.

मुकादमीण धावली. त्याच्या कपाळाला हात लावला आणि झटक्यानं मागे घेतला. ताप तिनं आयुष्यात पुष्कळ पाहिले होते, पोराबाळांचे, म्हाताऱ्यांचे, पण असं अंग कधी हाताला लागलं नव्हतं. टाचा थांबल्या. त्याचे ओठ हलत होते. तिनं कान नेला.

"थंडी," तो म्हणत होता. "थंडी..."

आता थंडी वाजणाऱ्या माणसाला काय करतात? चार लेकरं वाढवलेल्या बाईला कुणी सांगायला हवं का? तिनं ट्रॉलीवरच्या, माल झाकायच्या दोन जाड चादरी मागवल्या आणि भावाला पायापासून गळ्यापर्यंत गुंडाळलं. वहिनीनं आपल्या डोक्याचं फडकं सोडून त्याच्या कानांना बांधलं. "तापानं फणफणलाय, वारा लागू देऊ नका," मुकादमीण सगळ्यांना सांगत होती. तोंडात पाणी घातलं ते गालावरून ओघळलं. चौघांनी उचलून त्याला टोळीला आणणाऱ्या टेम्पोत घातलं. टेम्पोला वळायला जागा एकच, मोटारीच्या खोलीजवळ, पाण्याच्या हौदाला वळसा घालून. हौद काठोकाठ भरलेला होता, वरून पाणी सांडत होतं, चाकं त्या चिखलातून गेली. तिनं हौद पाहिला. नुसता पाहिला. मग टेम्पोच्या दोन्ही काचा वर केल्या, वारा लागू नये म्हणून.

दवाखान्यापर्यंत चाळीस मिनिटं लागली.

तिथली डॉक्टरीण वयानं लहान होती, मुकादमिणीच्या थोरल्या मुलीएवढी. तिनं आधी त्या चादरी पाहिल्या आणि एक शब्द न बोलता ओढून जमिनीवर भिरकावल्या. मग मात्र बोलली, ओरडलीच. बर्फ आणा, पंखे आणा, पाणी आणा, कपडे कापा. नर्सनं ताप मोजला आणि एकशे आठ म्हणाली, आणि पुन्हा मोजला, कारण त्या काचेच्या नळीवर याच्यापुढे आकडेच नव्हते. नकल्याच्या काखांत, मानेला, जांघेत बर्फाच्या पिशव्या कोंबल्या. ओल्या चादरी टाकल्या. दोघी नणंद-भावजय भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. आपण ज्याला गुंडाळून आणलं त्याला हे लोक उघडं करून बर्फात का घालताहेत, हे दोघींना कळत नव्हतं.

तासाभरानं डॉक्टरीण बाहेर आली. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"सकाळपासून कसे होते?"

वहिनीनं सर्दीचं सांगितलं, गोळीचं सांगितलं. दहा दिवस शेतावर नव्हते हेही सांगितलं.

"मग पहिल्याच दिवशी सबंध पाळी कशी केली? उन्हाची सवय आठ-दहा दिवसांत मोडते. आणि त्या गोळीनं घाम कमी होतो." ती कागदावर लिहीत होती. "घाम येत होता का त्यांना? कुणी बघितलं होतं?"

"मी बघितलं होतं," मुकादमीण म्हणाली. "येत नव्हता."

"मग?"

"मी कौतुक केलं."

डॉक्टरणीचा पेन थांबला. मग तिनं विचारलं, "शेतावर पाणी नव्हतं का?"

"होतं."

"किती?"

"हौद होता. भरलेला."

डॉक्टरीण काही क्षण तिच्याकडे नुसती बघत राहिली. रागानं नव्हे. राग असता तर बरं झालं असतं, मुकादमीण म्हणते. तिच्या नजरेत नुसता थकवा होता, हेच उत्तर आधीही कुणाकडून तरी ऐकल्यासारखा.

"त्यात का नाही घातलं?"

"थंडी वाजतेय म्हणाला."

"ऊन डोक्यात गेलं की मेंदूचाच गोंधळ होतो, मावशी. माणूस काहीही बोलतो. आधी गार करायचं, तिथल्या तिथं, हाताला येईल त्या पाण्यानं. मग दवाखाना." ती उठली. जाता जाता म्हणाली, "तुम्हीच नाही, सगळेच असं करतात." हे तिनं धीर द्यायला म्हटलं असेल. मुकादमिणीच्या पायाखालची जमीन सरकली ती मात्र त्या शब्दांनीच. सगळेच करतात! म्हणजे आजही कुठंतरी, आत्ता या घटकेला, कुणीतरी आपल्या माणसाला चादरीत गुंडाळतंय.

त्यानंतर तिची वाचाच बसली म्हणा ना. जिच्या आवाजाला अख्खं शिवार ओळखायचं ती बाई हो-नाहीपलीकडे बोलेना. भांडी घासता घासता हात थांबायचा आणि नळ तसाच वाहत राहायचा. एकदा नातवानं बिस्किटांचा पुडा फोडला, त्या कागदाच्या चुरचुरीनं ती घराबाहेर पळाली आणि बराच वेळ आत आली नाही. नवऱ्याला वाटलं, हिलाही ऊन लागलं.

वहिनीनं तिला कधी दोष दिला नाही. दवाखान्याच्या बाकावर दोघी तासन् तास शेजारी बसायच्या. एके दिवशी वहिनी म्हणाली, "वन्सं, मी हसत होते."

"मीही."

"मी बायको आहे हो त्यांची. मला कळायला हवं होतं ना?"

मुकादमिणीनं वहिनीची पिशवी आपल्या मांडीवर घेतली, एवढंच केलं.

नकल्या अकराव्या दिवशी शुद्धीवर आला. मूत्रपिंडं बिघडली होती, ती हळूहळू रुळावर आली. सव्वीस दिवसांनी त्याला घरी सोडलं. जिवावरचं बोटावर निभावलं, असं लोक म्हणाले. पण ते बोट भलतंच मोठं निघालं. त्याची जीभ जड झाली होती. एकेक शब्द तो ओढून काढायचा. पेला धरला की हात थरथरायचा. आणि चालताना दोन पावलं पुढं पडायची आणि एक मागं. डॉक्टरीण म्हणाली, शरीराचा तोल सांभाळणारा मेंदूचा भाग भाजल्यासारखा झालाय, थोडं सुधारेल, सगळं नाही.

रस्त्यानं जाताना अनोळखी लोकांना वाटायचं, प्यायलाय. कोपऱ्यावरचा दुकानदार एकदा म्हणाला, "काय राव, सकाळी सकाळीच?" मुकादमीण बरोबर होती. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं वजनकाटा पुसायला घेतला. ड्रायव्हर भेटायला आला होता, एकदाच. दारात उभा राहिला, नकल्याला चालत येताना पाहिलं, आणि तोंडावर हात घेऊन परत फिरला. दारू त्यानं त्या दिवसापासून सोडली. हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं आणि कुणी त्याचं कौतुकही केलं नाही.

एका दुपारी दोघंच घरात असताना बहिणीनं भावाला विचारलं, "तुला काही आठवतं का रे? त्या दिवसाचं?"

त्यानं पुष्कळ वेळ विचार केला. मग म्हणाला, "टा... टाळ्या."

ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"वाटलं..." तो म्हणाला, आणि शब्दासाठी थांबला, "वाटलं, छान चाललंय."

तिनं ते वाक्य पुढे कितीतरी दिवस कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

महिना-दीड महिन्यानं ती शेतावर गेली. कामाला नव्हे. तो पडला होता त्या जागेपासून हौदापर्यंत चालत गेली, पावलं मोजत. अडतीस. परत मोजली. अडतीसच. हौदाच्या काठावर बसून राहिली. मग उठली आणि सुपरवायझरच्या खोलीवर गेली.

"पुढच्या हंगामात आमची टोळी पाच ते साडेदहा काम करील," ती म्हणाली. "नंतर चारपासून सातपर्यंत. मधे कुणी वेलात उतरणार नाही."

"आणि ट्रक?"

"ट्रकला ऊन लागत नाही, साहेब. थांबेल."

सुपरवायझर हसला. तिनं पुढचं सांगितलं. ट्रॉलीला सावलीची जाळी पाहिजे. प्यायचं पाणी ओळीजवळ पाहिजे, बांधावर नको. नवा माणूस आणि सुट्टीवरून आलेला माणूस पहिले चार दिवस अर्धीच पाळी करील. आणि बायकांसाठी चार खांब आणि ताडपत्री लावून संडास पाहिजे.

"आता कलिंगडं तोडायला संडास लागतो?"

"संडास नसेल तर बायका पाणी पिणार नाहीत. पाणी पिणार नाहीत तर पडतील. पडल्या की ट्रकही राहील आणि तुम्हीही राहाल."

"मावशी, तीस-पस्तीस वर्षं काम करताय. इतकी वर्षं काही झालं नाही ते?"

एकेक चेहरा तिच्या डोळ्यांसमोर यायला लागला. घरी जाऊन झोपली ती उठलीच नाही अशी एक बाई. बांधावर बसल्या बसल्या गेलेला एक म्हातारा, ज्याला सगळे 'हृदय बंद पडलं' म्हणाले. उलट्या करत गेलेली एक कोवळी मुलगी, जिला 'बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल' म्हणून मातीआड केलं. एक, दोन, तीन. आणि त्या तिन्ही वेळेला दिवस उन्हाळ्याचे होते.

"झालं होतं," ती म्हणाली. "आम्ही त्याला दुसरी नावं दिली होती."

सुपरवायझरनं ऐकलं नाही. हंगाम सुरू झाला तेव्हा त्यानं दुसरी टोळी आणली. त्या टोळीनं टिचक्या न मारताच सपाटून तोडणी केली, बाजारात निम्मी फळं आतून पांढरी निघाली, आणि आठव्या दिवशी सुपरवायझर तिच्या दारात उभा राहिला. ताडपत्रीही टेम्पोत टाकूनच आणली होती, शहाणा माणूस.

आता शिट्टी आली. दर अर्ध्या तासानं ती शिट्टी फुंकते, सगळ्यांनी तिच्यासमोर पाणी प्यायचं आणि तिच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. आज वार कुठला? तुझ्या थोरल्या मुलाचं वय काय? माझ्या टोपीचा रंग कोणता? प्रश्न सोपा, पण उत्तर सरळ पाहिजे. विनोद केलेला चालत नाही. कुणी केलाच तर ती जाऊन त्याच्या मानेला हात लावते. एकीनं वैतागून विचारलं, "अहो मुकादम, आता हसायचं असेल तर आधी ताप मोजून घ्यायचा का?"

"हो," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नव्हती.

टोळीत एक नवी बाई आली होती. आडवी, दांडगी, एका हातात एक अशी दोन कलिंगडं पेलणारी. तिसऱ्या दिवशी, अजून दहासुद्धा वाजले नव्हते, मुकादमीण शिट्टी फुंकून तिच्यापाशी आली.

"आज वार कुठला गं?"

"दार?" नवी म्हणाली. "दार बंद आहे."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मुकादमिणीनं नव्या बाईच्या मानेला हात लावला आणि असा आवाज काढला की हसणाऱ्याचं हसू घशातच अडकलं. "उचला!"

चौघींनी तिला उचललं. नवी हातपाय झाडत होती, "थंडी वाजतेय, सोडा," म्हणत होती. एक म्हातारी मजूर घाबरून म्हणाली, "अगं, थंडी वाजतेय म्हणते, घोंगडं आणू का?" मुकादमीण तिच्याकडे वळलीही नाही. कपड्यांसकट, बुटांसकट त्या बाईला हौदात सोडलं. दोघी आत उतरून तिची मान पाण्याच्या वर धरून उभ्या राहिल्या. मुकादमीण बादलीनं डोक्यावर पाणी ओतत होती आणि ओतता ओतता मोठ्यानं मोजत होती. कशासाठी मोजत होती ते तिलाही माहीत नव्हतं. वहिनीनं दवाखान्याला फोन लावला. गाडी यायला अर्धा तास लागला. गाडी आली तेव्हा नवी बाई हौदात बसून दात वाजवत विचारत होती, "मला इथं कुणी टाकलं?"

त्यानंतर चौथ्या दिवशी नवी बाई शेतावर आली ती तणतणत. "माझा फोन खिशात होता! पार पाणी भरलं त्यात! माणसाला टाकण्याआधी खिसे तरी बघायचे ना? अक्कल गहाण टाकली होती का सगळ्यांनी?" याच्यापुढं तिनं ज्या शिव्या दिल्या त्या टोळीतल्या पुरुषांनाही नवीन होत्या. सगळे हसायला लागले, तीही शेवटी हसली. मुकादमीण ट्रॉलीच्या सावलीत जाऊन बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. ड्रायव्हरनं तिला पाणी आणून दिलं.

त्या दिवशी साडेदहाला काम थांबल्यावर ती सरळ भावाकडे गेली. तो ओसरीत बसून रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये माती भरत होता, हे बसून करायचं काम त्याला अलीकडे जमायला लागलं होतं. तिनं त्याला सगळं सांगितलं, दारापासून हौदापर्यंत.

"क... कपड्यांसकट?" त्यानं विचारलं.

"बुटांसकट."

तो हसायला लागला. हसताना त्याला ठसका लागला, तिनं पाठ थोपटली.

"शिव्या... दिल्या?"

"दिल्या तर! वेड्यावाकड्या."

"कुठल्या?"

"आता त्या काय सांगू तुला?"

"सांग ना."

तिनं आजूबाजूला पाहिलं आणि दोन-तीन सांगितल्या. तो खूश झाला. त्यातली एक त्यानं स्वतःशी हळूहळू म्हणून पाहिली, अडखळत, पुन्हा पहिल्यापासून. ती त्याच्या थरथरणाऱ्या हातांकडे बघत होती. अर्धी माती ट्रेमध्ये पडत होती, अर्धी बाहेर.

"तुला का नाही रे टाकलं मी?" ती एकदम म्हणाली.

त्यानं मान वर केली. शब्द यायला वेळ लागला.

"तु... तुला माहीत नव्हतं."

"तेच म्हणते मी. मला! चौदाव्या वर्षापासून त्या उन्हात आहे रे मी, आणि मला माहीत नव्हतं."

आतून वहिनी हात पुसत आली. ओसरीभर सांडलेली माती बघून तिनं कपाळाला हात लावला आणि कोपऱ्यातला झाडू उचलून नणंदेच्या हातात दिला.